माझ्या टॉप टेनमध्ये नसलेली गाणी

काल ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी आवडत्या दहा गाण्यांची यादी मागितली. किराण्यापासून प्रवासापर्यंत सगळ्याच्या याद्या करायची मला सवय आहे, पण या यादीपाशी हात थांबला आणि खडकीतलं आमचं क्वार्टर आठवलं.

हिंजवडीत नोकरी लागून थोडेच महिने झाले होते. रविवारी टीममधले मित्र जेवायला आले होते. स्वयंपाकघरातून सुक्या मटणाचा वास येत होता आणि आम्ही एकमेकांना आपापले टॉप टेन ऐकवत होतो. माझे सगळे इंग्रजी अल्बम होते. त्यातले निम्मे मी ऐकलेलेही नव्हते.

पाण्याचा जग घेऊन आलेले बाबा दारात थांबले. "अगं, आणि आपली भीमगीतं? जयंतीला स्टेजवर तूच म्हणायचीस की!"

"ती बाबांची आवड आहे," मी हसून सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं.

केदार मात्र सरसावून बसला. "काका, ही ऑफिसात साधं गुणगुणतसुद्धा नाही. तुम्हीच म्हणा ना एखादं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून भाकरी मोडत राहिले.

"नको रे, गळा बसलाय," ते म्हणाले. सकाळीच दाढी करताना ते मोकळ्या आवाजात गात होते.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्या सुटकेचीच सर्वांत जास्त लाज वाटते. कारण पुढे माझे मित्र घरी यायचे असले, की मी काही न सांगताच बाबा उठून भीमगीतांची टेप बंद करायचे.