नावं जुळली नाहीत तर

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी बसून तिने दवाखान्यांसाठी औषधाची मात्रा काढणारा प्रोग्राम लिहिला आणि पोटच्या पोरासारखा सांभाळला.

त्यात तिची एक युक्ती होती. चालता चालता प्रोग्राम हिशेब करणाऱ्या तुकड्यालाच, म्हणजे फंक्शनलाच विचारी, 'बाबा रे, तुला काय काय हवं? नावं सांग.' ते सांगे, वजन आणि वय. मग फॉर्ममधला क्रम कुणी कसाही लावो, वजनाचा आकडा वजनातच जाई.

मंगळवारी एका दवाखान्यात ऐंशी वर्षांचे, पंचेचाळीस किलोचे आजोबा दगावले. त्यांना मात्रा पडली होती ऐंशी किलोच्या माणसाची.

कारण दुपारपर्यंत सापडलं. शेजारच्या टेबलावरच्या पोराने, ज्याला सगळे घाईबाबू म्हणत, प्रोग्राम हलका व्हावा म्हणून त्यातली लांब नावं एका साधनाने छाटून एकेका अक्षराची केली होती.

"मला काय स्वप्न पडलं होतं, मावशी, तुमचा प्रोग्राम नावं वाचतो म्हणून?" घाईबाबू पांढराफटक पडला होता. "नावं माणसांसाठी! मशीनला काय त्याचं?"

"उद्यापासून येऊ नका," साहेब त्याला म्हणाले.

पण नावं जुळली नाहीत, तर प्रोग्राम थांबला का नाही? मावशीने फाइल उघडली. 'नावं जुळली नाहीत, तर क्रमाने भर.' त्या दवाखान्याच्या फॉर्मात वय आधी होतं, म्हणून ते वजनाच्या जागी गेलं. ओळ तिचीच होती. नवरा शेवटच्या आजारात होता त्या वर्षीची. तिकडे सलाइन संपत आलेलं आणि इकडे दवाखान्यांचे फोन, की प्रोग्राम अडला. फोन बंद व्हावेत म्हणून ती ओळ घातली. नंतर काढू म्हणाली आणि नवरा गेल्यावर सगळंच राहून गेलं.

ती साहेबांकडे गेली. "त्याला काढू नका. चूक माझी आहे."

"निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची. कुणी विचारलंय का तुम्हाला? कशाला आगीत हात घालता?"

"आजोबांच्या घरचे विचारतील ना."

साहेबांनी मावशीचा राजीनामा घेतला. घाईबाबू राहिला.

गुरुवारी मावशी पत्ता शोधत आजोबांच्या घरी गेली. त्यांच्या लेकीने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. विसरले."

लेकीने हळूच दार लावलं. आतून कडी लागेपर्यंत मावशी तिथेच उभी राहिली, मग कठडा धरून जिना उतरली.