मोठ्यानं वाचणारा टायपिस्ट

देवळीला कचेरीबाहेर बसणारा तो टायपिस्ट प्रत्येक ओळ टाइप करताना मोठ्यानं वाचतो. चूक होऊ नये म्हणून, असं तो सांगतो. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, असं मला वाटतं. ‘निरंक’ हा शब्द तर तो श्रीखंडासारखा चाखतो.

निवडणुकीचे अर्ज भरायच्या दिवसांत, मागच्या वेळी निवडून आलेले एक भाऊ मालमत्तेचं शपथपत्र करायला आले.

“इतर धंद्याचं उत्पन्न?” यानं विचारलं.

“निरंक,” भाऊ हळूच म्हणाले.

“अन् थे गिट्टीचं क्रशर?”

“सासूबाईच्या नावानं हाय.”

“त्या तं परसाली वारल्या, भाऊ. वारसाचे कागद मीच टाइप केलते. क्रशर तं अजून चालूच हाय!”

रांग हसली. भाऊंनी कागद ओढला आणि शेजारच्या टायपिस्टच्या टेबलावर दोन मिनिटांत निरंक झाले. यानं शांतपणे पुढच्या माणसाला नाव विचारलं.

मला त्याचा फार अभिमान वाटला. पुढच्याच आठवड्यात मुलीच्या फी-सवलतीसाठी मला उत्पन्नाचं शपथपत्र करायचं होतं. शाळा सुटल्यावर घेतो त्या शिकवण्या आठवल्या आणि मी सरळ आर्वीची एसटी धरली. तिथला टायपिस्ट मनातल्या मनात वाचतो.