जमिनीत ठोकलेली सळई

विजेच्या सुरक्षेची राष्ट्रीय मानकं लिहिणाऱ्या समितीत मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. वीज परत नेणाऱ्या न्यूट्रलच्या तारेऐवजी जमीन वापरायची नाही, एवढ्या एका कलमासाठी दिल्लीत किती बैठका! शेवटी ते मंजूर झालं आणि मी दोंडाईच्याजवळ थोरल्या बहिणीच्या शेतावर गेलो. मोटारीच्या खोलीत बल्ब चालू होता. त्याची एक वायर फेजला, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. उजेड वाढावा म्हणून अक्का अनवाणी उभी राहून सळईच्या बुडाशी पाणी ओतत होती.

मी ओरडलो, “कोणत्या गाढवानं केलं हे? मरशील ना!”

अक्का पाणी ओतायची थांबली. म्हणाली, “भाऊ, कॉलेजमा व्हता तवय तूच ठोकेल शे ना ती सळई!”