पायाळू पोरीचा डावा पाय

मी निघाले त्याच सकाळी आईची कंबर धरली. जवसाच्या चटणीचा डबा माझ्या मोठ्या बॅगेत मावत नव्हता, म्हणून तिने बॅग उचलून दिवाणावर ठेवायला घेतली आणि अर्ध्यातच थांबली. नागपूरला जाणारी गाडी दारात उभी होती. बाबा पुढच्या सीटवर बसून घड्याळ पाहत होते. जन्मभर शाळामास्तर राहिलेला माणूस, उशीर झाला तर विमानसुद्धा आपली गैरहजेरी मांडेल अशी त्यांना धास्ती. आई भिंत धरत धरत दारापर्यंत आली. मला वाटलं, आता जवळ घेईल. तिने पदर कमरेला खोचला आणि उंबरठ्याच्या आत, फरशीवर पालथी झोपली.

"जाता जाता पाय लावून जाय वं बाई," ती म्हणाली. "तीनदाच लाव."

माझ्या पायात नवे बूट होते, नाड्या घट्ट बांधलेले. मी बाबांकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि शिकल्यासवरल्या पोरीच्या आवाजात म्हणाले, "आई, असं काही नसतं. कपाटाला कागद लावलाय ना, ते व्यायाम कर." तिला रीतसर कुशीवर वळवलं, हाताचा टेका देऊन बसवलं आणि गाडीत जाऊन बसले. काचेतून ती हात हलवताना दिसली. दुसरा हात कमरेवर होता.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं नंतर. पाठीत उसण भरली की आमच्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. यवतमाळहून येताना बाभुळगावच्या अलीकडे आमचं छोटं गाव. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया कमरेला कापडाची ओटी बांधून दिवसभर ओळीने वाकलेल्या असत, आणि ओटी भरत जाई तसा तिचा सगळा भार कमरेवर येई. मग सकाळी शेतात जायच्या आधी त्यातल्या दोघीतिघी आमच्या अंगणात पालथ्या पडलेल्या दिसायच्या. मी गणवेशात, हातात चहात बुडवलेली पोळी, एकेकीच्या पाठीला डावा पाय तीनदा टेकवत जायची. शेजारची शेवंताकाकू ओरडायची, "जोरानं हाण ना वं, मी काय मडकं आहो का फुटाले?" आणि हसत हसत उठून कामाला जायची. सगळ्यात शेवटी आई झोपायची. तिच्या पाठीवर मी थोडा वेळ जास्त पाय ठेवायची, कारण तिची पाठ ऊबदार लागायची.

बाबांना हे अजिबात खपत नसे. ते अंगणात आले की बाया भराभर उठून पदर सावरत. "आमच्या बापानं हे सारं सोडून धम्म घेतला," ते म्हणायचे, "अन् तुमी या पोट्टीच्या पायात काय पाहून राह्यल्या? दुखते तं डॉक्टरकडं जा." बाया मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत गेल्यावर यायच्या. माझी बारावी झाली तेव्हा फिजिओथेरपीचा फॉर्म बाबांनीच आणला. सही करताना म्हणाले, "लाथाच मारायच्या असतीन तं शिकून मार." मास्तर हसले की समजावं, पोरगी पास झाली.

कॉलेजात कळलं की नुसती उसण बहुतेक वेळा दोनचार दिवसांत आपली आपण उतरते. दुखेल या भीतीने माणूस अंग आखडून घेतो आणि आखडल्यामुळे आणखी दुखतं. कोणीतरी धीर दिला, श्वास मोकळा झाला, माणूस उठून हिंडू-फिरू लागला, की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काम नेमाचं असतं, रोज थोडा थोडा व्यायाम करून पाठीला पुन्हा भरवसा द्यायचा. सुट्टीत घरी येऊन मी हे मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "म्हणजे माझा पाय हा नुसता बहाणा होता," मी म्हणाले.

"मंग बहाणा कायले सोडतेस?" आई म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली. मला तेव्हा हसू आलं होतं.

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये, माझी पहिली पेशंट मार्गारेट नावाची आजी. कित्येक वर्षांची कंबरदुखी, खाली पडलेला चमचा उचलायलाही घाबरायची. आम्ही खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून सुरुवात केली. मग पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलायची. मग रोज घरापासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत चालायचं. काही महिन्यांनी तिचं दुखणं सगळं गेलं असं नाही, पण त्याचा धाक गेला. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. एक दिवस ती स्वतः केलेला केक घेऊन आली आणि तो टेबलावर ठेवायला छान वाकली. मला आईची फार आठवण आली.

आमच्या कामात एक प्रश्न पहिल्या भेटीतच विचारायचा असतो. इथे येण्याआधी दुखण्याची काही गोळी घेतली का? गोळी घेतली असेल तर दुखणं झाकलेलं असतं, आणि आज माणूस वाकतो किती, चालतो किती, यावर भरवसा ठेवता येत नाही. मार्गारेटला मी हा प्रश्न विचारला होता. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पेशंटला विचारला.

आईला विचारला नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. बाबा फोन धरायचे, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मला छताचा पंखा दिसायचा, मग आई. कागदावर मी काढून दिलेली काडीची माणसं तिला पाठ झाली होती. पाची व्यायाम ती न थांबता करायची, कंबर अशी वर उचलायची की मी इकडून टाळ्या वाजवायची. "दुखतं का गं?" मी विचारायची. "कुठचं दुखते! तुया कागदानं बरं वाटून राह्यलं," ती म्हणायची. मी दर व्यायामाचा आकडा आठवरून बारावर नेला, बाराचा पंधरा केला. तिचा एक व्हिडिओ मार्गारेटला दाखवला, की पाहा, ही माझी आई. किती मिरवलं मी तिला.

जायचं मात्र राहत गेलं. आधी इथली परीक्षा, मग व्हिसा, मग कामाच्या पाळ्यांत सुट्टी बसेना. उन्हाळ्यात येते म्हणाले, मग पावसाळ्यात, विहारात वर्षावासाचं वाचन चालू असेल तेव्हा येते म्हणाले. "ये आरामानं," आई म्हणायची, "मले काही झालं नाही." तीन वर्षं अशीच गेली. आई व्यायाम करतेय, बरी आहे, ही समजूत माझ्या फार सोयीची होती, हे आज कबूल करते.

मग एका मंगळवारी बाबांचा फोन आला. त्या दिवशी पंखा दिसला नाही, साधाच कॉल होता. आईचे पाय सुजले होते, लघवी कमी झाली होती, यवतमाळला दवाखान्यात ठेवलं होतं. मी मिळेल त्या विमानाने निघाले.

डॉक्टर तरुण होते. फाइल पाहत त्यांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या का या? बरेच दिवस?"

"नाही," मी ठामपणे म्हणाले. "मी फिजिओथेरपिस्ट आहे. ती व्यायाम करते."

"घेते ना," मागून बाबा म्हणाले. "रोजच घेते."

त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी बाभुळगावहून तेच गोळ्यांचं पान आणून देत होते. आईने त्यांना सांगितलं होतं की पोरीनेच सांगितलंय. आमच्या घरात पाय लावणं ही अंधश्रद्धा होती आणि गोळी म्हणजे विज्ञान. बाबांनी ते विज्ञान मोठ्या निष्ठेने आणलं, आणि आईने पाण्याबरोबर गिळलं. रविवारी ती एकीऐवजी दोन घ्यायची, कॉलच्या आधी. "पोट्टीनं पाहावं तं चांगलं पाहावं," असं म्हणायची, बाबांनी सांगितलं. कागदावरचे व्यायाम ती रविवारचे रविवार, माझ्यासमोर तेवढे करत होती. इतर दिवशी घर आणि शेत. गोळीने दुखणं झाकलं जायचं म्हणून तिने वेचणीही सोडली नव्हती. मी टाळ्या वाजवत होते त्या सगळ्या गोळीसाठी होत्या. तोवर रोजच्या गोळ्यांनी दोन्ही मूत्रपिंडं थकवली होती.

आई शुद्धीत होती. हाताला सुई, गळ्याजवळ डायलिसिसची नळी. मी तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसले. रागवायचं म्हणून तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. "काहून सांगितलं नाहीस गं?"

"तू तिकडं एकटी," ती म्हणाली. "दुखते म्हटलं असतं तं तू काय केलं असतं?"

मी म्हणाले, बरी हो, घरी चल, मी बूट काढून पाय लावीन, हवा तेवढा वेळ लावीन. ती थोडी हसली.

"आता पालथं होता येत नाही वं मले," ती म्हणाली. "राह्यलंच ते." मग माझ्या तोंडाकडे पाहून तिलाच वाईट वाटलं असावं. माझा हात थोपटून म्हणाली, "जाऊ दे. तुया हातबी काही वाईट नाही."

चौथ्या दिवशी ती गेली.

विहारात पुण्यानुमोदन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया भेटायला आल्या, पांढऱ्या साड्यांत, भिंतीला टेकून बसल्या. कपाटावरचा कागद तसाच होता, कडा पिवळ्या पडलेल्या, काडीची माणसं कंबर वर उचलून राहिलेली. मी परत जायची तारीख बाबांनी विचारली, मी सांगितली. तेवढ्यात शेवंताकाकू उठली. दोन्ही हात गुडघ्यांवर रेटत उठली आणि मध्येच अडकली. त्या सकाळी बॅग उचलताना आई जिथे अडकली होती, बरोबर तिथेच. थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग उंबरठ्याच्या आत, फरशीवर, हळूहळू पालथी झोपली.

"तुया मायले नाही लावता आला," ती फरशीकडे तोंड करून म्हणाली. "मले लाव."

मी बाबांकडे पाहिलं. आयुष्यभर या अंगणातून बायांना उठवून लावणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला.

"लाव," बाबा म्हणाले.

मी चप्पल काढली. काकूच्या पाठीचे मणके लुगड्यातून पायाला लागले. एकदा टेकवला, दोनदा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला आणि मला तो उचलताच येईना. "राहू दे थोडा," काकू म्हणाली. मी उभ्या उभ्या रडले, सगळ्यांदेखत, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. मग डोळे पुसून माझं काम केलं. काकूला कुशीवर वळवलं, गुडघे वाकवायला लावले, हाताच्या टेक्याने बसवलं, उभं केलं, अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या. आणि तीन वर्षं उशिराने तो प्रश्न विचारला, गोळी घेतली का? काकूने पदराची गाठ सोडली. आत दोन गोळ्या होत्या, त्याच. तिने त्या बाबांच्या हातावर ठेवल्या. बाबांनी मूठ मिटली.

आता दर रविवारी आमच्या अंगणात सतरंजी पडते. बाभुळगावच्या डॉक्टरांना दाखवून आलेल्या सहासात बाया बसतात. बाबा फोन धरण्याआधी शाळेच्या आवाजात विचारतात, "गोळी घेऊन आलं का कोणी? खरं सांगा." मग पंखा दिसतो, मग बाया दिसतात. ज्यांना दुखतं त्या आता दुखतं म्हणून सांगतात, आणि मी आकडा कमी करते. काकू विहारात पुन्हा खाली मांडी घालून बसते. हे सगळं आईलाही जमलं असतं. रोज दहा मिनिटं, आणि खरं सांगायची मोकळीक, एवढंच लागत होतं. माझ्यासारखे जे दूर गेलेत, त्यांना एवढंच सांगते, आई फोनवर बरी दिसली म्हणून समाधान मानू नका. विचारा, आणि ती दुखतं म्हणाली तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

कॉलच्या वेळी मी इथे स्वयंपाकघरात अनवाणी उभी असते. फरशी गार असते, पायांना झोंबते. तुझं घर कुठलं, असं इथले लोक विचारतात तेव्हा मी यवतमाळ सांगते, नकाशात दाखवते. पण माझं घर म्हणजे खरं तर उंबरठ्याच्या आतली ती दोन हात फरशी. आई तिथे पालथी झोपली होती, आणि माझ्या पायात बूट होते.