खेळाचं उद्यापन

मंगळवार, २१ जानेवारी २०२५. सौमित्रला हॉस्पिटलमधून घरी आणलं. गळ्याचे टाके कोरडे आहेत. आवाज बसला आहे. पेज आणि मेतकूट घेतलं. गाठीचा रिपोर्ट पुढच्या मंगळवारी. दुपारी पाणी आलं नाही. टॅबवर दोन दिवे लावले.

हेमाताईंची डायरी अशीच असे. कल्याणला मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, मनात आलं ते नाही, घडलं ते लिहा. यजमान, आनंदराव, गेले त्या दिवशीसुद्धा त्यांनी डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि दूध नासल्याचं लिहिलं. भीतीला त्या पानांवर जागा नव्हती. ती आपली पोटात बसून असे, ओल्या कपड्याच्या बोळ्यासारखी.

टॅबवरचे दिवे म्हणजे त्यांच्या मुलाचा, सौमित्रचा गेम. काळ्या समुद्रात विखुरलेली बेटं, प्रत्येक बेटावर एक विझलेला दीपस्तंभ. आपण नाव वल्हवत जायचं, वादळ चुकवायचं, तेल मिळवायचं आणि दिवा लावायचा. सौमित्र तो तीन वर्षं खेळत होता. त्यावरून ठाण्यात बाळकुमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवताना हमखास वाद होई.

"गेम कसा सिनेमासारखा हवा," त्याची बायको योगिनी म्हणे. "दोन रविवारांत संपला पाहिजे. हा काय, संसार आहे?"

"दोन रविवारांत संपणाऱ्या गेमला पैसे कोण देईल?"

"मी देईन. नवरा परत मिळत असेल तर डबल देईन."

हेमाताई हसून आमटी वाढत. त्यांना त्या वादात मत नव्हतं.

मत असायला हवं होतं, असं त्यांना नंतर वाटलं. कारण ऑपरेशनच्या सकाळी आत जाताना सौमित्रने टॅब त्यांच्या हातात दिला. "खेळ गं. वेळ जाईल. थोडेच दिवे राहिलेत." दार बंद झालं. योगिनी कागदांवर सह्या करायला गेली. हेमाताईंना एकही स्तोत्र आठवेना. सासूबाई अशा वेळी पोथीचं पारायण धरायच्या, हातावर पाणी सोडून संकल्प करायच्या. हेमाताई तेव्हा मनातून हसायच्या. आता त्यांनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, कोपऱ्यातल्या कुंडीत सोडलं आणि पुटपुटल्या, "शेवटचा दिवा लागेपर्यंत हा खेळ सोडणार नाही. माझ्या मुलाला सोड."

कोणाला म्हणाल्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. नकाशावर चार-पाचच काळी बेटं दिसत होती. रिपोर्टच्या आत सहज होतील, असा त्यांचा हिशेब.

घरी आल्यावर त्या भाजी चिरून झाली की बसत, कपडे वाळत घालून झाले की बसत. अंगठा दुखे. नाव खडकावर आपटली की त्या आतल्या खोलीकडे कान देत, सौमित्र खोकला तर नाही ना? नाव बुडाली त्या दुपारी त्याला ताप चढला. योगायोग, त्या स्वतःला म्हणाल्या. इंग्रजीतूनही म्हणून पाहिलं. ताप उतरेपर्यंत त्यांनी टॅब खाली ठेवला नाही.

रविवारी शेवटच्या बेटावर दिवा लागला. सगळा समुद्र सोन्यासारखा उजळला, सनई वाजावी तसं काहीतरी वाजलं. हेमाताईंनी डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा नकाशा आपोआप लहान होत चालला होता. त्यांचा उजळलेला समुद्र एका कोपऱ्यात ठिपक्याएवढा झाला आणि चारही बाजूंना नवं काळं पाणी पसरलं. बेटंच बेटं. सगळी विझलेली.

त्या तशाच उठून आत गेल्या.

"सौमित्र, हा गेम संपतो कधी रे?"

"हा?" त्याचा आवाज अजून घोगरा होता. "हा नाही संपत. कंपनी दर महिन्याला नवा समुद्र टाकते. अगं, म्हणून तर मी घेतलेला."

"पण तू म्हणालास, थोडेच राहिलेत."

"त्या समुद्रातले गं. का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

पोथीला अध्याय असतात. पारायण किती दिवसांचं, ते बसण्याआधी माहीत असतं. शाळेतल्या नाटकालासुद्धा शेवटचा पडदा होता. ज्याला शेवट नाही अशा गोष्टीला त्यांनी मुलाचा जीव बांधून ठेवला होता. आणि विचारलं नव्हतं, केवढा आहे. त्या पुन्हा टॅब घेऊन बसल्या. खाली ठेवायचं धाडसच होईना.

सोमवारी ठमाबाई आल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या. ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, त्यामुळे लिफ्ट बंद पडली तरी त्या घरमालकिणीसारख्या हक्काने ओरडत. सौमित्रसाठी शहाळं आणलं होतं.

"काय गो हेमाताय, या वयात मोबाईलचा नाद? माझा नातू हितेश परवडला."

हेमाताईंनी हसायचा प्रयत्न केला आणि त्यांना रडूच फुटलं. मग आठवडाभर कोणाला न सांगितलेलं सगळं त्यांनी ठमाबाईंना सांगितलं.

ठमाबाई ऐकताना एकदा हसल्या. "मी सोमवार धरलेलं," त्या म्हणाल्या, "पोराच्या टायफाइडला. बरा झाला, तरी उपास सोराची भीती. वर्सावर वर्सं चाललंय. मंग सासू बोलली, बाय, जलमभर उपाशी रेशील काय? उद्यापन कर नि मोकली हो."

"पण मी बोलले होते, शेवटचा दिवा..."

"त्याला शेवट नाय तर तू लाव. पुरणपोली कर, दोन मानसं जेवव, हात जोड, चूकभूल माफ कर बोल. देव काय वकील हाय?"

हेमाताईंचं समाधान झालं नाही. पण दुसरा मार्गही दिसेना.

मंगळवारी त्यांनी पुरण घातलं. योगिनीची नोकरी डोंबिवलीला. ऑफिसातून थोडं लवकर निघून ती नव्या मुंबईतल्या हॉस्पिटलात रिपोर्ट घेणार होती. ठमाबाई आणि त्यांची सून समृद्धी जेवायला आल्या. सौमित्र टेबलाशी बसला. "आज काय आहे?"

मग त्यालाही सांगावं लागलं. "तू? मिशनवाली? सिस्टरांना कळलं तर गुडघ्यावर बसवतील तुला."

"बसेन. आधी हा काढून टाक टॅबवरून."

"आई, तीन वर्षं..." टॅब त्याने त्यांच्यापुढे सरकवला. "संकल्प तुझा. तूच काढ."

हेमाताईंनी देवापुढे नैवेद्य ठेवला, मनातल्या मनात क्षमा मागितली. बोट गेम काढून टाकायच्या खुणेवर टेकलं, पण दाबेना. आपण वचन मोडतोय की पुरं करतोय? तेवढ्यात फोन वाजला. योगिनी.

"आई, परत येताना शीळफाट्याला अडकलेय. गाड्या हलतच नाहीयेत."

"रिपोर्ट?"

"घरी येऊन सांगते." फोन बंद.

चांगला असता तर फोनवर सांगितला असता. खोलीत सगळ्यांना एकदम तेच कळलं. समृद्धी पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडे ठेवू लागली. हेमाताईंना वाटलं, अजूनही टॅब उचलावा, अजून एक दिवा, दोन दिवे, योगिनी घरी पोचेपर्यंत.

"दाब गं," सौमित्र हळूच म्हणाला. "तू घाबरलीस की मला जास्त भीती वाटते. मीसुद्धा तो संपत नाही म्हणूनच खेळायचो."

त्यांनी दाबलं. समुद्र गेला.

पोळ्या थंड झाल्या तेव्हा योगिनी आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली. "गाठ वाईटच होती," ती म्हणाली. "पण पुरी निघालीये. बाकी कुठे काही नाही. गोळी रोज घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी तपासायचं." मग तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. "फोनवर पहिलं वाक्य बोलले असते आणि रेंज गेली असती तर?"

"कधीपर्यंत तपासायचं?" हेमाताईंनी विचारलं.

"कायमचं, आई."

सौमित्रने त्यांचा हात धरला. त्याचाही गार होता. ठमाबाई म्हणाल्या, "वाढ आता. पोरगी उपाशी हाय."

हेमाताईंनी तवा पुन्हा तापत ठेवला. सहा महिन्यांनी जुलै येईल, मग पुन्हा जानेवारी. पोटातला बोळा जागचा हलला नव्हता. पण या वेळी त्यांनी कोणाला काही कबूल केलं नाही. योगिनीच्या पानात गरम पोळी टाकली, वर तूप सोडलं.

सगळे गेल्यावर त्यांनी डायरी उघडली. रिपोर्ट लिहिला, गोळीचं नाव लिहिलं, आणि खाली: पुरण जरा सैल झालं होतं, तरी पोळ्या फुटल्या नाहीत. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं.