मापाऱ्याचा अंगठा

भागवत गेल्याची बातमी मला परांचीवर कळली. अमरावतीत रामाच्या देवळातल्या भिंतीवर मी जटायू रंगवत होतो आणि अकोल्याहून सरकी घेऊन आलेला एक गाडीवान खालून ओरडला, "विष्णुभाऊ, तुमचा थो भागवत चितारी गेला नं जी! बाळापूरले. पटकी झाली, दोन दिसात आटोपलं." मी कुंचला खाली ठेवला नाही. जटायूच्या पंखाची एक रेघ अर्धी होती, ती पुरी केली. मग दुसरी काढली. खोटं कशाला सांगू, त्या दुसऱ्या रेघेपर्यंत मनात दुःख नव्हतं. आता वऱ्हाडात माझ्या चित्राशेजारी त्याचं चित्र टांगलं जाणार नाही, एवढंच मनात आलं आणि जीव हलका झाला. तिसरी रेघ वाकडी गेली, तेव्हा कुठं कुंचला खाली ठेवला...

या गोष्टीला सहा आठवडे झाले. इथल्या साप्ताहिकाचे संपादक घरी येऊन म्हणाले, "तुम्ही त्याचे जिवलग. चार शब्द तुम्हीच लिहा." जिवलग होतोच. आम्ही एका ताटात जेवलो, एका वाटीत कुंचले बुडवले. पण भागवतबद्दल लिहायचं तर मला माझ्या हेव्याबद्दल लिहावं लागेल. त्याच्या आठवणीतून तो हेवा बाजूला काढायला गेलो, तर हाती काही उरत नाही.

भागवत मूळचा शेंदूरजनाघाटचा, माळ्याच्या घरचा. अमरावतीत मावशीकडं राहून देवळांना फुलं पोचवायचा. तेव्हा विशीत असेल, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. माझे बाबा आणि मी एका देवळाच्या सभामंडपात गवळणी रंगवत होतो. बाबा म्हणजे त्या काळी अमरावतीतले अव्वल चितारी, आणि त्या गवळणी मी काढलेल्या होत्या, बाबा फक्त दागिने भरत होते. भागवत झेंडूची टोपली कमरेवर धरून उभा राहिला. बराच वेळ हलेना. मग म्हणाला, "या बाईची घागर भरेल हाय का रिकामी?"

"भरेल हाय," मी म्हणालो.

"मंग तिचा खांदा काहून नाही झुकला?"

बाबा हसले. ते सहसा हसत नसत. परांचीवरून खाली उतरून त्यांनी त्याच्या हातात कोळसा दिला, फरशीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "झुकव बरं." भागवतनं टोपली ठेवली आणि फरशीवर चार रेघांत बाई काढली. नाक नाही, डोळे नाहीत, दागिने तर नाहीतच. पण घागरीत पाणी होतं. ते पाणी मला दिसलं, बाबांना दिसलं. बाबा कितीतरी वेळ खाली पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "विष्णू, पाहून घे." आयुष्यभर मी त्यांच्या तोंडून 'चांगलं काढलंस' ऐकायची वाट पाहिली. ते त्यांनी भागवतलाही कधी म्हटलं नाही. पण ते 'पाहून घे' माझ्या काळजात जे बसलं, ते आजतागायत निघालेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भागवत आमच्याकडं रंग खलायला येऊ लागला. वर्षभरात तो परांचीवर माझ्या शेजारी होता.

मग कापसाचे दिवस आले. तिकडं दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्यांच्या भिंती कधी शेणानं सारवलेल्या असत, त्यांना त्याच भिंतींवर हत्ती-घोडे हवे झाले. संध्याकाळ झाली की व्यापाऱ्यांच्या आवारांत काचेच्या हंड्या लागत, सारंगी जुळत असे, अत्तराचा आणि ताज्या रुईचा वास एकमेकांत मिसळत असे. बाबा त्या सुमारास वारले. कामं इतकी आली की आम्हा दोघांना श्वास घ्यायला सवड नव्हती.

अकोल्याला हरकचंद शेट म्हणून कापसाचे मोठे दलाल होते. ते मुंबईला जाऊन आले आणि तिथं कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी भिंतीवर ओळीनं टांगलेली चित्रं पाहिली. लोक येतात, चित्रापुढं उभे राहतात, पुढच्या चित्राकडं जातात. पूजा नाही, कथा नाही, नुसतं पाहायचं. शेट त्या कल्पनेनं झपाटून गेले. आम्हाला बोलावून म्हणाले, "भिंतीवर नको, कपड्यावर काढा. माझ्या आवारात टांगू. तीन दिवस संध्याकाळी चिराग लावू, नंतर गाणं. सगळ्या अकोल्यानं यावं अन् पाहावं!" शेवटल्या दिवशी मोठे साहेब लोक येणार होते. ज्याची चित्रं त्यांना पसंत पडतील, त्याला शेट आपल्या नव्या हवेलीचा दिवाणखाना रंगवायला देणार होते.

हंगाम संपलेला होता. गाठी रवाना झाल्या होत्या, आवार रिकामं होतं, भिंतींना नवा चुना दिलेला. एका भिंतीवर माझी नऊ चित्रं लागली, समोरच्या भिंतीवर भागवतची. मी गजलक्ष्मी काढली होती, दशावतार काढले होते, सोन्याचा वर्ख लावला होता. पहिल्या दिवशी लोक आत आले ते वहाणा बाहेर काढूनच. चित्रं नुसती पाहायची असतात, हे कोणाला ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्या पाटलानं माझ्या गजलक्ष्मीपुढं सुपारी ठेवली, हात जोडले, आणि त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकानं तसंच केलं. मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो, मनात म्हणत होतो, आता बोल, भागवत!

पण हात जोडून झाले की लोक वळत, आणि वळले की समोरच्या भिंतीपुढं खिळून राहत. भागवतनं शेटच्याच आवारातली माणसं काढली होती. गाठ पाठीवर घेऊन वाकलेला हमाल. जू खाली टाकून झोपलेला गाडीवान. लाकडी रेचा फिरवून कापसातली सरकी काढणाऱ्या बाया, केसांत, भुवयांत, पापण्यांवर रुईचे तंतू. त्याच बाया दिवसाउजेडी पोरंबाळं घेऊन आल्या होत्या. त्यांतली एक चित्रापुढं थांबली, तोंडावर पदर धरला आणि ओरडली, "अवं माय! हे तं मीच हावो!" मग एकच हसण्याचा कल्लोळ उठला, एकमेकींना ओढून दाखवणं सुरू झालं. थोड्या वेळानं पाहिलं तर ती बाई हसत नव्हती, डोळे पुसत होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हमालाला मी विचारलं, "इकडं लक्ष्मी हाय, तिकडं काय पाह्यतं रे एवढं?" तो भोळेपणानं म्हणाला, "लक्ष्मीले तं रोजच हात जोडतो जी. मले कोणी पाह्यलं होतं आतालोक?"

त्या रात्री गाणं रंगलं. गायिका बाळापूरची होती, आवाज कसा होता ते मला आठवत नाही. मी दिवा घेऊन भागवतच्या भिंतीपुढं फिरत होतो. चूक शोधत होतो. एखादा हात लांडा, एखादी मान जास्त वळलेली... काही सापडेना. आणि सातव्या चित्रात मला तो अंगठा दिसला. शेटचा मापारी कापूस तोलतो आहे, समोर शेतकरी उकिडवा बसला आहे, आणि मापाऱ्याचा डावा अंगठा तराजूच्या दांडीवर टेकलेला आहे. अगदी हलका. दिवसभरात शेकडो माणसं त्या चित्रापुढून गेली, कोणी त्याबद्दल शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेटकडं गेलो. फार काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "शेट, सातव्या चित्रात तुमच्या मापाऱ्याचा अंगठा कुठं हाय, पाह्यलं का? उद्या साहेब लोक येतील..." शेट उठून गेले, पाहून आले. आल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दुपारपर्यंत भागवतची नऊच्या नऊ चित्रं उतरवली गेली. शेटनं त्याला सगळ्या हमालांपुढं नमकहराम म्हटलं.

मी पोचलो तेव्हा तो जमिनीवर बसून चित्रांचे कपडे गुंडाळत होता. म्हणाला, "विष्णुभाऊ, म्या थो अंगठा मुद्दाम नाही काढला रे. त्याचा हात तसाच राह्यते. मले वाटलं, दमला असंल, टेकवला असंल."

"कोणी सांगितलं असंल शेटले?" मीच विचारलं. निर्लज्जपणाची कमालच म्हणायची. "एखाद्या हमालानं..."

"हमाल काहून सांगंल? त्याईले तं ते ठावकंच हाय." शेवटचा कपडा गुंडाळून त्यानं सुतळी बांधली. मग माझ्याकडं पाहिलं, ती नजर रागाची नव्हती. "ज्यानं पाह्यलं त्यानं लय बारीक पाह्यलं," तो म्हणाला. "इतकं बारीक दिसते, विष्णुभाऊ, तं काढत काहून नाहीस तसं?"

चोराला चोर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो...

दिवाणखाना मला मिळाला. आठ महिने खपून रंगवला. पण लढाई थांबली, कापसाचा भाव पडला आणि शेट वऱ्हाड सोडून गेले. हवेली ज्यानं घेतली, त्याला चित्रांची आवड नव्हती. त्यानं माझ्या अप्सरांवर चुन्याचे दोन हात दिले. मी पुन्हा देवळांच्या भिंतींकडं वळलो. भागवत बाळापूरला जाऊन राहिला, तिथं त्यानं लग्न केलं, आणि आठवडी बाजारांत दोन झाडांना दोरी बांधून चित्रं टांगू लागला, एवढं कानावर येत होतं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी ना कोणी हटकून सांगायचं, "पाह्यलं का जी तुमी? काय काढते थो!" मी म्हणायचो, हो, हात बरा आहे त्याचा.

मागच्या महिन्यात बाळापूरला गेलो. बडनेऱ्याहून आगगाडी, पुढं बैलगाडी. भागवतची बायको पार्वती अंगणात वांग्यांची रोपं लावत होती. मला तिनं याआधी कधी जवळून पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. पाणी दिलं. मी सांत्वनाचं काही बोलायला लागलो, तर मध्येच म्हणाली, "एक इचारू का जी? तुमी मांगच्या साली अकोल्याच्या बाजारात तोंडाले उपरणं बांधून उभे होते नं?"

होतो. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. दिवस मावळत होता, पार्वती दिवटी धरून होती, भागवत दोरीवर एकेक चित्र चढवत होता आणि मी गर्दीच्या मागं तोंड झाकून उभा होतो. पाचवं चित्र त्यानं उलगडलं. परांचीवर पाठमोरा एक म्हातारा चितारी. त्याच्या पाठीचा बाक, मानेवरची शेंडी... ते माझे बाबा होते. आणि खाली रंगाची वाटी दोन्ही हातांनी वर धरून उभा असलेला जवान मी होतो. मी भिंतीकडं पाहत नव्हतो. मी बाबांकडं पाहत होतो, आणि बाबा वळत नव्हते. माझ्या तोंडावर जे होतं, ते मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की कोणी पाहिलेलं नाही. सहावं चित्र चढायच्या आत मी गर्दीतून बाहेर पडलो होतो.

"त्याईनं तुमाले जातानी पाह्यलं," पार्वती म्हणाली. "घरी येऊन जेवले नाहीत. म्हणे, विष्णुभाऊले चित्र पटलं नाही. अर्ध्यातून गेला. कुठंतरी माहं चुकलं असंल, त्याले बारीक दिसते. चार दिवस त्याच चित्रापुढं बसून राह्यले. मंग विहिरीवर नेलं अन् धुऊन टाकलं."

मी म्हणालो, "वहिनी, पटलं नाही म्हणून नाही गेलो मी. सहन झालं नाही म्हणून गेलो. इतकं चांगलं चित्र म्या जन्मात पाह्यलं नव्हतं."

ती हातातलं रोप तसंच धरून बसली. मग म्हणाली, "हे त्याईले सांगाले पाह्यजे होतं." त्यात दूषण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि तोच धुतलेला, घडी केलेला कपडा घेऊन आली. "घ्या. आमाले काय कराचा?"

डिंकाचे रंग पाण्यानं जातात, पण सगळे जात नाहीत. माझ्या कामाच्या खोलीत तो कपडा आता टांगलेला आहे. बाबांची पाठ पार निघून गेली आहे. माझा चेहराही गेला आहे, हनुवटीची रेघ तेवढी उरली. पण वाटी धरलेले दोन हात तसेच राहिले आहेत, आणि त्या हातांकडं पाहिलं की उरलेलं सगळं दिसतं. परवा धामणगावकडचे एक देशमुख सरस्वतीचं चित्र न्यायला आले. माझी सरस्वती त्यांनी पाहिली, छान आहे म्हणाले, आणि चित्र बांधून होईस्तोवर त्या कपड्यापुढं जाऊन उभे राहिले. हलेनात. मग वळून विचारलं, "हे कोणाचं जी?"

"माझं," मी म्हणालो.

चित्र माझंच तर आहे, हात माझेच आहेत. पण त्यांनी काय विचारलं होतं, ते मला कळलं होतं. "तुमच्या हातचं इतकं चांगलं म्या आजपावेतो पाह्यलं नव्हतं," ते म्हणाले, आणि मी ते ऐकून घेतलं. ते गाडीत बसले, गाडी वळणापलीकडं गेली, तरी मी त्यांना हाक मारली नाही.

देशमुख हे साप्ताहिक वाचतात, असं संपादक सांगतात. म्हणून इथं लिहितो आहे. देशमुख, ते चित्र भागवतनं काढलं आहे.