दोनशे अकरा अर्थ

माझ्यासारखा नालायक माणूस शोधून सापडायचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी दया यायला नको.

हणमंतराव सर बरकतपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एका शब्दाचं त्यांना वेड होतं, 'रन'. आम्हाला तो धावण्यापुरता ठाऊक. सर म्हणायचे, "अरे, नाक वाहतं तेही रन, नळ वाहतो तेही रन. दुकान चालवणं, निवडणुकीला उभं राहणं, सगळं रन! एवढासा शब्द, पण किती राबतो बिचारा!" नवा अर्थ सापडला की मराठीत लिहून ठेवायचे, सोबत घरातलं नाहीतर वर्गातलं एखादं वाक्य. त्यासाठी कोरे कागद आणणं त्यांना पटायचं नाही. मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहायचे. दाभणानं शिवलेल्या अशा तीन वह्या झाल्या होत्या.

शहाण्णव साली मी दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागलो. तेव्हा गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते आणि ज्याला त्याला अमेरिका दिसत होती. प्रोग्राम चालू करण्यालाही रनच म्हणतात, असं मी सरांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "दोनशे अकरावा!" म्हणाले.

मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, "सर, वह्या द्या, मी टाइप करतो. पुस्तक छापू." सरांना तेव्हा काचबिंदू झालेला होता. दिसतंय तोवर पुस्तक हातात यावं, एवढीच त्यांची इच्छा. वह्यांची दुसरी प्रत नव्हती. त्यांच्या बायको, सावित्रीबाई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, म्हणाल्या, "घराबाहेर नका हो देऊ." सर म्हणाले, "नक्को काळजी करू. किशोर आपला आहे."

ह्या किशोरनं सात पानं टाइप केली. पुढे नोकरी, पासपोर्ट, व्हिसा, आणि अठ्ठ्याण्णवला न्यू जर्सी. सात पानं क्लासच्या कॉम्प्युटरवर राहिली आणि वह्या आमच्या माळ्यावर. दिवाळीच्या सफाईत आईनं त्या कबाडीवाल्याला देऊन टाकल्या. फोनवर म्हणाली, "परीक्षेचे जुने पेपर होते रे, लाल शाईचे मार्क दिलेले." तिचा काय दोष? एका बाजूनं ते तसेच दिसायचे.

सरांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. "होतंय सर, थोडंच राहिलंय," असं तीन वर्षं फोनवर सांगत राहिलो. ते मधेच म्हणायचे, "अजून एक सापडला, लिहून घे." मी म्हणायचो, "हौ सर, घेतला." हातात पेनसुद्धा नसायचं. थू माझ्या जिंदगानीवर!

दोन हजार एकला नोकरी गेली आणि मी परत आलो. सरांना आता काहीच दिसत नव्हतं. काकूंचा निरोप आला, "रोज विचारतात. एकदा वाचून दाखव." अजूनही खरं सांगता आलं असतं. पण टाइप केलेल्या सात पानांतलंही काही आठवत नसताना मी दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसलो, वीस पानं छापली आणि गेलो.

सर धुतलेला सदरा घालून वाट बघत होते. "पहिल्यापासून वाच," म्हणाले.

मी वाचलं, "एक. धावणे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी दोन, तीन, चार वाचलं.

"पुरे," सर म्हणाले. "छान झालंय. घसा सुकला असेल, याला चहा दे गं." हात पुढे करून त्यांनी कागद घेतले, चाचपून पाहिले, मांडीवर ठेवले. चहा संपल्यावर म्हणाले, "काल एक सुचलाय. लिहून घेतोस? एखादी गोष्ट घराण्यात चालत येते ना, त्यालाही रन. वाक्य लिही, डोळे जाणं आमच्या घराण्यात चालत आलंय." आणि कागद उलटे करून माझ्या हातात दिले. मी पाठीवर लिहिलं.

काकू दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "पहिल्या पानावर धावणं नव्हतं रे. माझं हिरवं लुगडं होतं. लग्नानंतर पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला नि मी रडत बसले. तेव्हा ह्यांनी सांगितलं, याला इंग्रजीत रन म्हणतात. तिथून सुरू झालं सगळं."

आतून सरांचा आवाज आला, "अगं, बोलू नकोस त्याला काही. पोरगं परेशान होईल."

त्याच थंडीत सर गेले. त्या दोनशे अकरांतला एकही माझ्याकडे नाही. आहे तो त्या दिवशीचा एक, छापील कागदाच्या पाठीवर. तोही त्यांनी समोर बसवून लिहून घेतला म्हणून.